पिवळ्या गाडीतला सुस्कारा

सोमवार, ४

धाकट्या बहिणीने वाढदिवसाला ही डायरी पाठवली. दर पानाच्या माथ्यावर गुलाबी अक्षरांत छापलंय : 'आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?' आजचं उत्तर : तिने चांगल्या चपला पाठवायच्या सोडून फुलाफुलांची वही पाठवली, यासाठी.

तरी लिहायचं ठरवलं. कारण वर घरात आणि खाली गॅरेजात मिळून मी दिवसभर जे बोलते, ते ऐकणारं कुणी नाही. आमचे हे तर नाहीच नाहीत. मी एका टोकाने बोलत असते आणि ह्यांचा शर्ट दुसऱ्या टोकाला पाठमोरा उभा असतो. वही निदान पाठ फिरवत नाही.

ह्यांना सगळा भाग 'कानसेन' म्हणतो. गाडी दारात आली, की हे लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "पाण्याचा पंप. बेअरिंग चाललंय." उघडून बघावं तर तेच. कानाने गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून लोक लांबून येतात. त्याच कानांना बायकोचा आवाज लागत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा.

आज चौकातला दातांचा डॉक्टर त्याची पिवळी स्पोर्ट्‌स कार घेऊन आला. दोनच माणसांची जागा, आणि तीही अशी की माणूस आत बसत नाही, त्याला ओतावं लागतं. डॉक्टर बाहेर आला तेव्हा आधी एक गुडघा आला, मग टोपी, मग बराच वेळ काहीच नाही. तक्रार अशी की सिग्नलला उभी केली की इंजिनाला धाप लागते. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी सुई वर जाते, खाली येते, मधेच गाडी बंद पडते. महिनाअखेरीला त्याच्या क्लबची फेरी आहे. असल्याच गाड्यांचे मालक एकामागे एक कुठेतरी जातात, तिथे एकमेकांच्या गाड्या बघतात आणि परत येतात.

"कंपनीतून आली तशी आहे, उस्ताद," तो ह्यांना म्हणाला. "हिला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. कॉम्प्युटर लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मला तुमचे कान हवेत."

हे असे फुलले, की आता ह्यांना दारातून आत घ्यायला शटर आणखी वर करावं लागेल असं वाटलं.

गाडी आत घेतली तेव्हापासून मला एक बारीक सूं ऐकू येत होती. अगदी काउंटरपर्यंत. मी म्हटलं, "अहो, ही कुठेतरी सूं करतेय." ह्यांनी मान वळवली नाही. काउंटरवरच्या बाईला इंजिनातलं काय कळणार! बिलं लिहायची, फोन घ्यायचे, गिऱ्हाइकांची बोलणी खायची, बस.

बुधवार, ६

प्लग बदलले. सुई नाचतेच आहे.

मग हवेचा फिल्टर साफ केला. सुई आणखी जोमाने नाचतेय, बहुधा तिला आता चांगली हवा मिळते.

रात्री जेवताना हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आताशा हे नेहमीच होतं. मी बोलायला लागले की नजर माझ्या ओठांवर. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी चिकटलंय. मग वाटलं, उतारवयात प्रेम आलं असेल, येतं म्हणतात काही काही लोकांना. आज विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "काही नाही. बोल तू." इतकं बोलून झाल्यावर टीव्ही लावला, तोही असा की खालच्या गल्लीतल्या माणसालाही बातम्या कळाव्यात. म्हणजे आधी 'बोल' म्हणायचं आणि मग बोलणं बुडवायची सोय करायची. ह्याला म्हणतात राजकारण.

गुरुवार, ७

धाकटीचा फोन. तिच्या दुकानात वह्या, पेनं, भेटवस्तू विकतात. (ही डायरी फुकटात आली हे मला आज कळलं.) ती एकटी पुरी पडत नाही. म्हणाली, "ताई, तू ये. काउंटर तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. वरची खोली रिकामी आहे. आठ दिवसांसाठी नको, राहायलाच ये."

मी म्हटलं, "आणि ह्यांचं काय?"

"त्यांना तू घरात आहेस हे तरी कळतं का?"

मी हसून फोन ठेवला. हसू फोनबरोबर ठेवलं गेलं. महिना संपायच्या आत तिला कळवायचं आहे.

गॅरेजचे फोनही सगळे मीच घेते. पूर्वी हे घ्यायचे. दोनेक वर्षांपूर्वी एकदम म्हणाले, "फोन तू घेत जा, तुझा आवाज गोड आहे." मी मूर्खासारखी खूश झाले होते. आळशी माणूस किती गोड बोलू शकतो!

रविवार, १०

सुटीच्या दिवशी खाली गॅरेजात कसला आवाज म्हणून गेले. बघते तर इंजिन चालू, आणि हे डोळे मिटून दोन्ही तळवे त्या इंजिनावर ठेवून उभे. तासभर. कधी इथे हात, कधी तिथे, बोटं अलगद फिरवत. मागे मला सणकून ताप आला होता तेव्हा कपाळाला हात लावून "आहे बुवा ताप" म्हणाले होते आणि तोच हात पँटला पुसला होता. पिवळ्या गाडीचं नशीब मोठं.

सूं चालूच आहे. कुणी दातांच्या फटीतून सुस्कारा टाकत बसल्यासारखी. मी म्हटलं. पाठीला म्हटलं. पाठीने नेहमीचं उत्तर दिलं.

मंगळवार, १२

डॉक्टरचा धीर सुटला. ज्या कॉम्प्युटरवाल्यांवर त्याचा विश्वास नाही, त्यांच्यातल्याच एकाला तो आज घेऊन आला. हा ह्यांचाच जुना शागीर्द. आता पलीकडच्या रस्त्याला त्याचं चकचकीत वर्कशॉप आहे, हातात टॅब असतो म्हणून सगळे त्याला टॅबवाला म्हणतात. मुलगा मात्र गुणी. आल्या आल्या वाकला, "काकू, तब्येत बरी ना?" एवढं तरी विचारलं. या आठवड्यात माझ्या तब्येतीची चौकशी करणारा तो पहिलाच.

त्याने गाडीच्या पोटात वायर खुपसली, टॅब बघितला आणि म्हणाला, "उस्ताद, आत जास्तीची हवा शिरतेय."

"कुठून?" ह्यांनी विचारलं.

टॅबला ते माहीत नव्हतं. ह्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याला येत नाही हे बघून माणसाला किती बरं वाटतं, याचा फोटो काढून ठेवायला हवा होता.

टॅबवाल्याने मग डॉक्टरला समजावून सांगितलं, आणि मीही ऐकून घेतलं. इंजिन चालू असलं की हवा आत ओढतं. त्या ओढीच्या जोरावर ब्रेकचं पेडल हलकं केलेलं असतं. ही ओढ इंजिनापासून ब्रेकपर्यंत नेणारी एक नळी असते, व्हॅक्युमची लाइन. ती किंवा तिचं एखादं पिल्लू कुठे फाटलं, की नको तिथून हवा आत घुसते. इंजिनाला धाप लागते, आणि ब्रेक कधी तरी दगड होतो.

ह्यांनी सगळ्या नळ्यांवर तो साफ करायचा फवारा मारून बघितला. फाटक्या जागी पडला की इंजिनाचा सूर बदलतो म्हणे. बदलला नाही. ब्रेकची जाड नळी तर काळ्या विणलेल्या वेष्टणात नीट गुंडाळलेली, कंपनीतून आली तशी.

"तुम्ही कान लावा ना, उस्ताद," टॅबवाला म्हणाला. "असली हवा तुमच्यासारखी कोण पकडणार? मला शिकवलंत तेव्हा नुसत्या रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दहा मिनिटांत शोधायचात."

हे म्हणाले, "आज इंजिन फार तापलंय. उद्या बघतो."

इंजिन तापलंय म्हणून कान लावत नाहीत! नाचता येईना, अंगण वाकडं. मी काउंटरवरून मोठ्याने म्हटलं, "अहो, सूं मागच्या बाजूने येतेय, मला इथे बसून ऐकू येतंय!" टॅबवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि मग एकदम टॅबमध्ये डोकं घातलं. नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नाही हे तो आमच्याकडेच शिकला.

शुक्रवार, १५

डावी दाढ ठणकत होती. डॉक्टरने गाडीपायी ओशाळून "वहिनी, या, फुकट बघतो" म्हटलं होतं, म्हणून गेले. फुकट म्हटलं की दुखणंही जरा कमी वाटतं.

तोंडात कापूस, वर दिवा, आणि गालाच्या आत लटकवलेली ती थुंकी ओढणारी नळी. डॉक्टरने गाडीच्या क्लबबद्दल बोलता बोलता नळी जरा हलवली, ती ओठाच्या कडेला अर्धी सुटली आणि वाजली : सूं.

मी खुर्चीत उठून बसले. तोच आवाज! तंतोतंत! मी सांगायला गेले, पण कापसातून 'ऊं ऊं' एवढंच निघालं. डॉक्टर म्हणाला, "झालंच, वहिनी, घाबरू नका." तोंड उघडं असून बोलणं न पोचण्याची मला घरी चांगली सवय आहे, म्हणून पडून राहिले.

परत आले ती धावतच. हे बॉनेटखाली वाकलेले, इंजिन चालू. मी मागे उभी राहून सगळं सांगितलं. दवाखान्यातली नळी, ओठाची कड, अर्धी सुटली की येणारा आवाज, मागचा कोपरा. इतकं शहाण्यासारखं मी वर्षभरात बोलले नसेन. दाढ बधिर, तरी शब्दन्‌शब्द स्पष्ट.

हे वळले, मला बघून जरा दचकले आणि म्हणाले, "आलीस? जेवायला वाढ."

मला रडू आलं. दाढेचं औषध उतरत होतं म्हणून, असं मी जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगितलं.

शनिवार, १६

आज सांगून टाकलं. हे सकाळी आरशासमोर दाढी करत होते, नळ सुरू होता. मी दारात उभी राहून म्हटलं, "मी धाकटीकडे जातेय. महिनाअखेरीला. राहायलाच. परत यायचं असं काही ठरवलेलं नाही."

मी चौकटीला धरून उभी होते. वाटलं, वस्तरा थांबेल. वळतील. ओरडतील तरी.

हे म्हणाले, "बरं."

आणि हनुवटीखालचं खरडायला लागले.

इतक्या वर्षांचा संसार 'बरं' एवढ्या शब्दात आटोपला. बिलाखाली सही करायला ह्यांना याहून जास्त वेळ लागतो. धाकटीला फोन करून येते म्हणून सांगितलं. पलंगाखालची बॅग काढली. तिच्यावर धूळ होती, ती पुसली. आज मी कशासाठी कृतज्ञ आहे? बॅगेची चेन अजून लागते, यासाठी.

सोमवार, १८

अपघात होता होता राहिला.

हे पिवळी गाडी चालवून बघायला घेऊन गेले. परत येताना मी फाटकाशी उभी होते. गाडी आत वळली आणि मला दिसलं की वेग कमी होत नाही. समोर जुन्या टायरांची रास. मी ओरडले, "टायर! अहो, टायर! डावीकडे घ्या!" काच खाली होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीने टायरांत नाक खुपसलं आणि थांबली. टायर गडगडत माझ्या पायापर्यंत आले. कुणाला लागलं नाही. गाडीला एक ओरखडा.

हे उतरले तेव्हा पांढरेफटक होते. ब्रेक दगड झाला होता, दोन्ही पायांनी दाबावा लागला.

"ओरडायचं तरी होतंस," मला म्हणाले.

"मी घसा फोडून ओरडत होते!"

त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी भयंकर सांगितलं होतं. मग वर गेले. मी टायर परत रचले. एकटीने. एकेका टायरला ह्यांचं नाव घेऊन.

मंगळवार, १९

शटर अर्धं खाली. हे वर पडून आहेत, तोंड भिंतीकडे. डॉक्टरचा फोन आला : गुरुवारी गाडी टॅबवाल्याकडे नेतो. मी ह्यांना हलवून सांगितलं. म्हणाले, "ने म्हणावं."

दुखणं सापडल्याशिवाय ह्यांनी आजवर एकही गाडी दारातून जाऊ दिलेली नाही. एकदा एका लॉरीवाल्याला चार दिवस जेवायला घालून ठेवून घेतला होता. हाच माणूस 'ने म्हणावं' म्हणतो.

मला वाईट वाटलं. वाटायला नको होतं, बॅग भरून झाली आहे. पण वाटलं.

बुधवार, २०

दुपारी काउंटरच्या खणातून माझा चष्मा आणायला खाली गेले. जाताना न्यायच्या वस्तूंत तोच राहिला होता.

शटर खाली, आत दिवा, पिवळी गाडी चालू. हे रबरी नळीचा तुकडा घेऊन वाकले होते. एक टोक कानात, दुसरं इंजिनावरून इंच इंच सरकवत. टॅबवाला म्हणाला होता ती जुनी पद्धत. मी थांबले. ह्यांना असं काम करताना बघायला मला पूर्वी फार आवडायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, वहीलाही आजच सांगतेय.

नळीचं टोक मागच्या कोपऱ्यात, त्या काळ्या वेष्टणावर आलं. मला चार पावलांवरून सूं स्वच्छ ऐकू येत होती. टोक बरोबर तिथे थांबलं. मग पुढे सरकलं. हे स्वतःशी पुटपुटले, "इथे काही नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ह्यांना मी आल्याचं माहीतच नव्हतं.

जाऊन खांद्यावर हात ठेवला. हे इतके दचकले की नळी हातातून पडली. ती उचलून मी माझ्या कानाला लावली आणि टोक त्या जागेवर नेलं. कानात एकदम कुणीतरी शिट्टी घातली. वेष्टणाखाली बोटाला मऊ, चिकट काहीतरी लागलं. मी ते घट्ट दाबलं. आवाज गेला. इंजिनाची धाप बसली. सुई जागच्या जागी उभी राहिली.

ह्यांनी सुई बघितली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"थांबला?"

"काय?"

"आवाज. थांबला का?"

मी बोट उचललं. सूं. ठेवलं. बंद. परत उचललं. ह्यांचा चेहरा प्रत्येक वेळी तसाच, वाट बघणारा.

मी टायरवर बसले. ह्यांनी गाडी बंद केली आणि समोरच्या टायरवर बसले, माझं तोंड दिसेल असे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली दोन-तीन वर्षं. जाड आवाज येतात. लॉरी, हातोडा, टॅबवाला. बारीक गेले. तुझा बारीक आहे."

"आणि गाड्या? इतक्या गाड्या दुरुस्त केल्यात की!"

"हाताला कळतं. थरथर लागते बोटांना." ह्यांनी तळहात उलटे करून बघितले. "हिची नुसती हवा. ती हाताला लागेना. आणि लोक कानासाठी येतात गं. कानसेनाचे कान गेले म्हटल्यावर इथे येईल कोण?"

"पण मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. म्हणून तू ओरडून बोलतेस."

"मी रागाने ओरडत होते!"

हे जरा विचार करून म्हणाले, "तसंही वाटायचं अधूनमधून."

मी हसले. हसता हसता मला ते 'बरं' आठवलं, नळाखालचं, आणि हसू गेलं.

गुरुवार, २१

काळं वेष्टण काढलं. आत कंपनीची नळी नव्हतीच. आत होती करड्या रंगाची, उष्णतेने वितळून तपकिरी झालेली, खालच्या अंगाला बोटभर चिरलेली एक नळी. मी ती लगेच ओळखली. तिची धाकटी बहीण शुक्रवारी माझ्या तोंडात होती. फवारा आतवर पोचला नाही, कारण जाड वेष्टणानेच तो पिऊन टाकला होता.

डॉक्टर आला तेव्हा मी ती काउंटरवर ठेवली होती, फडक्यावर, तो काढलेला दात ठेवतो तशी. त्याने बघितली. टोपी काढली. टोपी परत घातली.

"गेल्या फेरीच्या आदल्या दिवशी जुनी तडकली होती," तो म्हणाला. "क्लबात सांगायची लाज वाटली, वहिनी. दवाखान्यात नवी नळी पडली होती, मापाचीही निघाली. म्हटलं, नळी ती नळी. तीही ओढते, हीही ओढते."

"आणि वेष्टण?"

"ते जुनंच चढवलं. दिसायला नको म्हणून."

"आणि कुणाचा हात लागलेला नाही, हे?"

"तसा माझा हात म्हणजे..." इथे त्याचं वाक्य संपलं.

म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीत हा माणूस हात हलवत हिंडत होता, आणि माझा माणूस तीत बसून टायरांवर आदळला. मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, एखादा पेशंट घरी पकडीने दात उपटून, भोकात चुना भरून तुमच्याकडे आला आणि म्हणाला, जन्मापासून असाच आहे, तर त्याला काय म्हणाल?" डॉक्टरने गाढव हा शब्द उच्चारला नाही, पण ओठ तसे हलले. ह्यांनी तो बरोबर वाचला असावा, कारण हे हसले.

नवी नळी बसवली. सुई शहाण्या मुलीसारखी उभी. डॉक्टर भारावून म्हणाला, "उस्ताद, कानानेच ओळखलंत ना?"

मी हातातल्या बिलात बघत राहिले. ह्यांना पूर्ण वाव होता. 'हो' म्हणाले असते तरी मी काही बोलले नसते.

हे म्हणाले, "कानानेच. फक्त कान हिचा."

डॉक्टरला वाटलं, विनोद आहे. पोट धरून हसला. टॅबवाला दारात उभा होता, तो हसला नाही. त्याने येऊन ह्यांच्या पायांना हात लावला आणि मग, जरा थांबून, माझ्याही.

शनिवार, २३

कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. हे म्हणतात, यंत्र लावलं तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, डोळ्यांना चष्मा लावून गाडी दुरुस्त करता तेव्हा काय म्हणतात? अजून हो म्हणालेले नाहीत, पण नाहीही म्हणालेले नाहीत. समोर उभं राहून, तोंड दाखवून बोललं की ह्यांना पळवाट उरत नाही, ही नवीनच सोय झाली आहे.

म्हणून आज त्याच सोयीने राहिलेलं काम उरकलं. बॅग घेऊन खाली गॅरेजात गेले. हे पाना पुसत होते. मी बॅग काउंटरवर ठेवली आणि ह्यांच्या पुढ्यात उभी राहिले.

"तोंडाकडे बघा. गेल्या शनिवारी दाढी करताना मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. तुम्ही 'बरं' म्हणालात. काय सांगितलं होतं?"

ह्यांनी बॅगेकडे बघितलं. "बाजारात जातेस, असं."

"मी धाकटीकडे जातेय असं सांगितलं होतं. राहायला. परत यायचं ठरवलेलं नाही, असं."

या वेळी 'बरं' आलं नाही. हे तोच पुसलेला पाना पुन्हा पुसत बसले, मग फडकं खाली पडलं ते उचललं नाही. मी वाट बघितली. मनात म्हटलं, आता फोन कोण घेणार असं जर विचारलं, तर मी याच पावली निघेन.

"जाऊ नकोस!" हे म्हणाले.

म्हणाले म्हणजे गरजले. आपला आवाज किती मोठा आहे हे ह्यांना कळत नाही ना आता. पत्र्याचं छप्पर घुमलं. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्धं साबणात सोडून बाहेर आला. डॉक्टरच्या दवाखान्याच्या खिडकीत दोन डोकी दिसली. सगळ्या रस्त्याला कळलं की कानसेनाची बायको चालली होती आणि कानसेनाला ते नको आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर आणखी एकदा ऐकावंसं वाटलं.

"हळू बोला," मी म्हटलं. "मला ऐकू येतं."

धाकटीला फोन केला. मी आठ दिवसांसाठीच येतेय आणि हे बरोबर येतायत, म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तू पण ना!" मी म्हटलं, तुझी वही चांगली निघाली, आणखी एक पाठव.

आज मी कशासाठी कृतज्ञ आहे? ह्यासाठी, की मी बोलते ते हे ऐकत नाहीत म्हणून जी इतकी वर्षं मी जळत होते, त्यातल्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत ह्यांचा खरोखरच काही दोष नव्हता.

त्याच्या आधी कान शाबूत होते. त्या वर्षांचं काय, हे आज जेवताना तोंड दाखवून विचारणार आहे.